फोटोवाल्या भागवतरावांची वेबसाईट

वेबसाईट काढून भागवतरावांच्या पदरात काय पडणार, हे शेजारच्या निकिताला पहिल्या दिवशी काही उमगेना. तिनं कोऱ्या कागदावर मधोमध चौकोन काढला आणि क्लासमध्ये सगळ्यांना विचारते तोच प्रश्न त्यांनाही विचारला.

"मामा, ही बघणार कोण? ते आधी ठरवा. त्यावरनं पानं ठरतात."

"गिऱ्हाईक बघंल की."

"कुठलं?"

भागवतरावांनी दुकानाबाहेर बोट केलं. बाहेर तहसीलला आलेल्यांची एक जीप उभी होती आणि जीपच्या सावलीला शेळी बसली होती.

लोहाऱ्यातल्या माणसाला भागवतरावांचं दुकान शोधायला इंटरनेट लागत नाही. शिवाय फोटोचा धंदा उरलाय कुठं? लग्नं उमरग्याचे ड्रोनवाले उचलतात. जिवंत माणसं आपापले फोटो आपणच काढतात. मेलेल्याला तेवढं जमत नाही, म्हणून भागवतरावांचं दुकान उघडं होतं. घरातला कुणीतरी आधार कार्डावरचा किंवा लग्नाच्या घोळक्यातला इवलासा चेहरा घेऊन यायचा. भागवतराव तो कापून घ्यायचे, अंगात कोट घालायचे, डोक्याला फेटा बांधायचे. मागं निळं आभाळ, गळ्यात कॉम्प्युटरमधलाच झेंडूचा हार, खाली जन्म आणि स्वर्गवास. ज्यानं उभ्या जन्मात कोटाच्या कापडाला हात लावला नाही, तो दहाव्याच्या आत सुटाबुटात भिंतीवर जायचा. असलं गिऱ्हाईक वेबसाईट चाळत बसत नाही. रडवेलं तोंड घेऊन सरळ दुकानात येतं.

मग मिळणार होतं ते एकच, आणि ते काय, हे निकिता सोडून अख्ख्या आळीला ठाऊक होतं. भागवतरावांची एकुलती एक मुलगी अक्षदा पाच वर्षांमागं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करून पुण्याला निघून गेली होती. त्या दिवसापासून बापानं तिचं नाव टाकलं. "तिच्याशी कुणी बोललं तर माझं मेलेलं तोंड बघंल," असं बायकोला बजावून ठेवलं. आता नाव घ्यावंसं वाटत होतं, पण फोन लावायचा म्हणजे आपण आधी वाकायचं. वेबसाईटमध्ये न वाकता दार उघडं ठेवायची सोय होती. 'जगात कुठूनही दिसा' असं निकिताच्या क्लासच्या पाटीवर लिहिलेलं होतं. जग भागवतरावांना नको होतं. पुण्यापर्यंत दिसलं तरी पुष्कळ.

निकिता शेजारच्या घरातली सून. जळकोटहून लग्न होऊन आली त्याला दोनच वर्षं झालेली, त्यामुळं अक्षदाला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या खोलीत ती कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. मामांची वेबसाईट ती फुकट करणार होती, पण फुकटातही तिचा हिशेब होता. नव्या पोरांना दाखवायला एक जिवंत नमुना हवा होता.

कागदावर चार पानं ठरली. पहिलं पान, माझ्याबद्दल, काम, संपर्क.

'माझ्याबद्दल'ला दोन दिवस गेले. तारामतीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा निकिता टाईप करत होती आणि भागवतराव खुर्चीत ताठ बसून सांगत होते, जणू समोर कलेक्टर बसलाय.

"लिव. परिवार. पत्नी सौभाग्यवती तारामती."

"लिवलं."

"मुलगी…"

तारामतीबाई कप ठेवता ठेवता थांबल्या.

"मुलगी, सौभाग्यवती अक्षदा."

"आडनाव काय लिहू, मामा? सासरचं?"

भागवतरावांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. पुन्हा उचलून त्यातला गाळ बघितला.

"आडनाव ऱ्हाऊ दे आता. निस्तं सौभाग्यवती ऱ्हाऊ दे."

लग्न मानायला तयार, जावई मानायला अजून नाही, असा तो निम्मा निम्मा सौदा होता. तारामतीबाईंना तेवढाही पुष्कळ झाला. त्या रिकामे कप न घेताच आत गेल्या.

मग 'काम'. भागवतरावांनी पेनड्राईव्ह दिला. निकितानं वरवरचे दहा-बारा फोटो उघडले आणि हात जोडले.

"मामा, ही वेबसाईट हाय का मसणवाटा? एखादं हसतं माणूस न्हाय का तुमच्याकडं?"

"हसतोय की. ह्यो बग ज्ञानोबा. जित्तेपणी कुणी त्याचा दात बघितला न्हाय. म्या हसिवला."

"आन् ह्या?"

"कस्तुराबाई. तिला हिरवा शालू म्या नेसवला. लेकी बघून म्हणल्या, आमची आई एवढी देखणी व्हती व्हय!"

जुने जिवंत लोकांचे फोटो फिल्मवर होते, आणि फिल्म ओलीनं केव्हाच चिकटून गेल्या होत्या. जे शिल्लक ते हेच. केलेलं काम पुसायचं नाही, ही भागवतरावांची रीत होती. फ्रेमला वाळवी लागते, काच फुटते, भाऊ वेगळे निघतात आणि प्रत्येकाला आपापल्या भिंतीवर बाप हवा असतो. म्हणून सगळे फोटो जपलेले, आणि नावाऐवजी नुसते नंबर. इतक्यांतून निवडत कोण बसणार? निकितानं अख्खं फोल्डर चढवून दिलं. वेबसाईटनं आपलं आपण मांडून घेतलं, नवे वर, जुने खाली.

"एकदा सगळं खालपर्यंत बघून घ्या, मामा."

"माझंच काम हाय. त्यात काय बघायचंय?"

ते बघायचे फक्त 'माझ्याबद्दल'. सकाळी दुकान उघडलं की मोबाईलवर ते पान, जेवून आले की ते पान. खाली किती जण येऊन गेले त्याचा आकडा असायचा. चौथ्या दिवशी ते निकिताच्या दारात उभे राहिले, चेहरा उजळलेला.

"निकिता, लई लोक येऊ लागले गं. कालच्यापरीस आज वीस जास्त!"

"कोण आलंय बघते." तिनं बघितलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. "मामा, हे तुम्हीच हाव."

"म्हंजी?"

"तुम्ही उघडलं की आकडा वाढतो. हे सगळं लोहाऱ्यातलंच हाय, एकाच मोबाईलवरनं."

"पुण्याचं कुणी?"

"न्हाय अजून."

ते गेले, पुन्हा विचारायला आले नाहीत. आपल्याच दुकानात दिवसातून वीस वेळा येणारं गिऱ्हाईक त्यांना तोवर कधी भेटलं नव्हतं.

पुण्याहून कुणी यावं याची तजवीज तारामतीबाईंनी केली. जे मिळावं म्हणून भागवतराव एवढा खटाटोप करत होते, ते तारामतीबाईंकडं आधीपासून होतं. दर बाजाराच्या दिवशी पिशवी भरून झाली की त्या मारुतीच्या देवळामागच्या ओट्यावर बसायच्या आणि लेकीला फोन लावायच्या. नातीचं नाव शिवप्रिया. चार वर्षांची. तिला लोहाऱ्याची आजी म्हणजे फोनमधला बाजाराचा गलका, एवढंच ठाऊक. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या बाजारी त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या.

"अगं, तुझ्या बापानं तुझं नाव लिवलंय! सौभाग्यवती म्हणून!"

"आई, खरं सांग."

"तुझी शपथ. निकितानं कागदावर लिवून दिलंय ते वाचते, तसं मोबाईलात घाल. आन् निस्तं नाव बघून बंद करू नको. समदं बघ. लई राबलाय त्यो."

पुढच्या बाजारी तारामतीबाई भाजी न घेताच आधी ओट्यावर गेल्या. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बघितलंस का?"

तारामतीबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"अक्षदा?"

"बघितलं. नावापर्यंत वाचलं आणि रडले. मग शिवप्रिया मांडीवर बसून फोटो सरकवायला लागली. हे आजोबा, ही आजी, असं म्हणत." अक्षदाचा आवाज सपाट होता. "खूप खाली गेल्यावर म्हणाली, मम्मी, तुला हार कुणी घातला?"

"काय बोलायलीस?"

"माझा फोटो आहे, आई. निळ्या आभाळात. खाली स्वर्गवास, आणि माझ्या लग्नाची तारीख."

तारामतीबाई ओट्यावरनं उठून उभ्या राहिल्या.

"मला ठाऊक न्हाय गं माय. तुझ्या गळ्याची आण."

"त्याच घरात राहतेस. पाच वर्षं दर आठवड्याला माझ्याशी गोड बोलतेस. आणि तुला ठाऊक नाही?"

"न्हाय गं…"

"तू म्हणालीस, सगळं बघ. बघितलं."

फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला, मग पुन्हा. नंतर तो वाजेचना.

घरी येऊन त्यांनी रिकामी पिशवी खुंटीला अडकवली आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ती वेबसाईट दावा. फोटोचं पान."

"आज कशी आठवण झाली?"

"बाजारात बोलत व्हते लोक. दावा."

भागवतरावांनी हौसेनं मोबाईल धरला. तारामतीबाई सांगत गेल्या, खाली घ्या, अजून खाली. ज्ञानोबा गेला, कस्तुराबाई गेली. कोट गेले, फेटे गेले. मग भागवतरावांचं बोट आपोआप थांबलं.

अक्षदा कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या चेहऱ्यानं बघत होती. साडी मात्र बापानं नेसवलेली.

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

"भावकी घरात बसली व्हती त्या दिवशी," ते शेवटी म्हणाले. "म्हणले, मेली म्हणून जाहीर कर. म्या फोटो केला. पर छापला न्हाय. भिंतीला लावला न्हाय, तारा. लावलाच न्हाय म्या."

"व्हय."

"पुसायचं ध्यानात ऱ्हायलं न्हाय. कामाचं पुसत न्हाय न म्या कदी."

निकिताला हाक मारली. ती आली, तिनं फोटो बघितला, खालची तारीख वाचली, दोघांची तोंडं बघितली आणि तिला सगळं कळलं. "मामी, मला खरंच…" एवढं बोलून तिनं मान खाली घातली. फोटो काढून टाकायला तिला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

ती गेल्यावर भागवतरावांनी पान पुन्हा वर-खाली करून बघितलं. अक्षदा कुठंच नव्हती. त्यांनी सुस्कारा सोडला.

"लोहाऱ्यातल्या लोकांनी बघितलं आसंल तर बघू दे. तिनं बघायच्या आत निघालं, हे लई झालं. न्हाय का?"

तारामतीबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. एक वाक्य तोंडाशी आलं होतं. ते बोललं असतं तर हा माणूस पुन्हा दुकानाचं दार उघडता ना, हे त्यांना दिसत होतं.

"लई झालं," त्या म्हणाल्या.

"बघंल ती आता. आज न उद्या."

"बघंल."

या व्यवहारात निकिताला नमुना मिळाला. क्लासच्या पोरांना ती आता बजावते, चढवण्याआधी एकेक फोटो उघडून बघा. कारण सांगत नाही. भागवतरावांचं काही गेलं नाही. फोन त्यांना आधीही येत नव्हता, आताही येत नाही, उलट वाट बघायला एक जागा झाली. भरलं ते तारामतीबाईंनी. त्यांच्याकडं काय होतं हेच घरात कुणाला माहीत नसल्यानं काय गेलं हे विचारणारंही कुणी नाही. बाजाराच्या दिवशी त्या अजूनही ओट्यावर बसतात. फोन लागत नाही. तो तसाच कानाला धरून त्या मधूनमधून मान हलवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, बाई कुणाशी तरी बोलतेय.