नियमित पेशंट

थापा मारणाऱ्या माणसानं दवाखान्याची संगणक-यंत्रणा उभारू नये, असं माझी बायको पहिल्यापासून म्हणत होती. पण घरात आम्ही दोघंच, आणि तिची बाजू घ्यायला तिसरं कुणी नसल्यामुळे ते तसंच राहून गेलं. माझ्या बोलण्यावर तिनं हसणं तर कधीच सोडलं होतं.

डॉक्टरांना प्रत्येक पेशंटची सगळी माहिती एका पडद्यावर हवी होती. यंत्रणा तपासायची तर एक खोटा पेशंट लागतो. तो मी बनवला, आणि आळसापोटी नाव, जन्मतारीख, फोन, सगळं स्वतःचंच घातलं. मग म्हटलं, खोटंच लिहायचं तर हात आखडता कशाला घ्या? त्याला रोज पहाटे चालायला पाठवलं, त्याचं मीठ तोडलं, त्याला वेळच्या वेळी गोळ्या घ्यायला लावल्या. बायको ज्या नवऱ्यासाठी जन्मभर झुरली, तो असा चहा निवायच्या आत तयार झाला. काम संपलं की त्याला पुसून टाकायचं असतं. ते राहिलं.

परवा छातीत धडधडायला लागलं म्हणून त्याच दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पडद्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"साहेब, तुमच्या दोन नोंदी दिसताहेत. एक बंद करावी लागेल."

"त्यातली एक खोटी आहे. तो चालायला जाणारा. मीच बनवलाय त्याला."

"खोटा कसा? गेल्या आठवड्यात तर येऊन गेलात. किती छान बारीक झाला होतात!" त्यांची नजर माझ्या पोटावर आली. "हे परत कुठून आणलंत?"

"तो मी नव्हतो."

"झाल्या यांच्या थापा सुरू!"

आतून डॉक्टर म्हणाले, "बाई, त्यांचं काही मनावर घेऊ नका. रिपोर्ट सोन्यासारखे आहेत त्यांचे."

"अहो, थांबा," मी काउंटरवर हात टेकून म्हणालो. "मला बंद कराल तुम्ही."

पण एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर जो नियमित येतो तो ठेवायचा, हा नियम माझाच होता. बाईंनी बटण दाबलं. छातीतली धडधड एकदम थांबली. बरं वाटलं, असं मात्र म्हणता येणार नाही.

घरी आलो. दाराशी चालायचे बूट काढून ठेवलेले होते, माझ्याच मापाचे, टाचेला झिजलेले. मी आयुष्यात असले बूट घेतलेले नाहीत. बेल वाजवली.

"कोण आहे?" बायकोनं आतूनच विचारलं.

मी नाव सांगितलं.

आत दोघं हसली.