मांडूच्या जागी पगार

जानेवारीतल्या त्या सकाळी प्यो मीरान अंघोळ करतानाही भांडत होती. समोर कोणी नव्हतं, पण मनात तिचा मालक क्वाक उभा होता आणि ती त्याला ठणकावून सांगत होती, "सहा कोटी! त्याखाली एक वॉनसुद्धा चालणार नाही!" गरम पाण्याखाली माणूस फार शूर असतो.

कोटी ऐकून डोळे विस्फारायचं काही कारण नाही. सोलमध्ये दुपारच्या साध्या जेवणालाही दहा-बारा हजार वॉन मोजावे लागतात. तिथे मीरानचा पगार होता वर्षाला चार कोटी ऐंशी लाख, तोही अकरा वर्षं क्वाकच्या प्रसिद्धी संस्थेत घासल्यावर. दुसऱ्यांच्या मालाचे गोडवे गायचे, दुसऱ्यांच्या चुकांवर पांघरूण घालायचं, पत्रकारांची मनधरणी करायची, हा तिचा धंदा. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्वतःचा विषय निघाला की मात्र हिच्या तोंडाला कुलूप.

दर जानेवारीत क्वाक एकेकाला काचेच्या खोलीत बोलवायचा आणि एक कागद समोर सरकवायचा. ह्याला म्हणायचं 'पगाराची बोलणी'. बोलणी कसली, कपाळ! आकडा आधीच छापलेला, वाढ तीन टक्के. माणसं कमरेत वाकून, आभार मानून, सही करून बाहेर पडायची. आज दुपारी चार वाजता मीरानची पाळी होती.

ती ऑफिसात पोचून टेबलाशी बसते न बसते तोच कू बोराचा फोन आला. बोरा तिच्याबरोबर एकाच दिवशी इथे नोकरीला लागली होती. तीन वर्षांत तिने पानग्योच्या एका गेम कंपनीत उडी मारली. काम तेच, पत्रकार तेच, पगार मात्र साडेआठ कोटी.

"अगं, तू माझ्यापेक्षा चांगलं लिहितेस, हे मी कुणाच्याही पुढे सांगेन," बोरा म्हणाली. "पण मी लिहिते खेळ विकणाऱ्यांसाठी, तिथे पैशाला तोटा नाही. तू लिहितेस मांडू विकणाऱ्यांसाठी. तेही त्यांच्या घरात बसून नाही, बाहेर उभं राहून. तू उल आहेस बाई, उल!"

करारात पैसे मोजणारा तो गाप आणि हुकूम झेलणारा तो उल. मीरानच्या धंद्यात तर सगळा जन्मच उलचा, आणि तिचा एक गाप म्हणजे मांडू, मोदकासारखा सारण भरून उकडलेला पदार्थ, विकणारी कंपनी.

"मग काय, मी जन्मभर वाफेवर शिजत राहू?"

"बोल की मग! क्वाकपुढे गेलीस की तुझं त-त-प-प होतं. असं कर, सगळ्यांच्या बातम्या लिहितेस ना, आज स्वतःची लिही. मथळा, आकडे, सगळं झोकात. एकदा लिहिलंस की तोंडात बसेल."

मीरानला ही कल्पना अशी काही आवडली, की बर्फाची अमेरिकानो तशीच टेबलावर राहिली. बाहेर नळ गोठले होते तरी सोलकरांना कॉफी बर्फाचीच लागते. तिने मथळा ठोकला: 'प्यो मीरान यांचा पगार सहा कोटींवर, अकरा वर्षांनी आली जाग'. मग हात सुटला. आत्ताचा पगार लिहिला. गोठवलेल्या भाजीत प्लॅस्टिकचा तुकडा सापडला तेव्हा दोन दिवस न झोपता तिने कुठल्या गिऱ्हाइकाची अब्रू वाचवली, ते नाव न घेता लिहिलं. तिच्यामागून सहा वर्षांनी आलेल्या एका पुरुष सहकाऱ्याला सहा कोटी मिळतात, कारण तो बड्या कंपनीतून आला, हेही लिहिलं. ह्या शहरात नवा मालक आधी जुन्या मालकाची करपावती मागतो आणि त्या आकड्यावर चिमूटभर मीठ टाकावं तशी वाढ टाकतो. पहिली नोकरी स्वस्तात धरली, की पुढच्या सगळ्या नोकऱ्या स्वस्तात. शेवटी तिने स्वतःचंच वाक्य अवतरणात घातलं: "मी महाग नाही. मी आजवर स्वस्तात गेले."

वाचून तिला इतका चेव आला, की ती खुर्चीतच जरा नाचली.

दहा वाजता मांडूची बातमी जायची होती. पातळ पारीचे, आंबवलेल्या कोबीचं सारण भरलेले नवे किमची-मांडू. बातमीचे सात मसुदे झाले होते आणि फायलींची नावं ह्या धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे होती: 'अंतिम', 'अंतिम खरं', 'अंतिम अगदी खरं'. मीरानने स्वतःच्या बातमीला नाव दिलं होतं 'अंतिम आता बास'. दहाच्या ठोक्याला तिने ईमेलमध्ये मांडू कंपनीच्या संचालिकेचं नाव तीनदा तपासलं. नाव चुकलं तर गाप कच्चं खातो. यादीतल्या चारशेहून जास्त पत्रकारांवर नजर फिरवली आणि फायलींमधली सगळ्यात खालची, सगळ्यात ताजी फाईल जोडून बटण दाबलं.

पहिला फोन आला तेव्हा ती कॉफीचा पहिला घोट घेत होती. अर्थविषयक दैनिकाचा म्हातारा बातमीदार माएंग हसून हसून खोकत होता. तिथे माणसाला हुद्द्यानेच हाक मारतात: गटप्रमुख तो टीमजांग, पत्रकार तो गीजा, संचालक तो इसा, मालक तो देप्यो, आणि मान द्यायचा तर मागे 'निम'.

"टीमजांग, आज पारी फारच पातळ लाटलीत हो! आतलं सगळं दिसतंय!"

"आवडली ना, गीजानिम? शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर..."

"मांडू कुठायत? इथे तुम्हीच भरून आलात. चार कोटी ऐंशी लाख! बाई, मला वाटलं छपाईची चूक आहे."

मीरानने पाठवलेलं ईमेल उघडलं. पाहिलं. मांडूंच्या जागी 'अंतिम आता बास' गेली होती.

पुढची काही मिनिटं तिच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. फोन थरथरत टेबलावरून सरकत चालला होता. पत्रकारांच्या गटातून बातमी दुसऱ्या प्रसिद्धी संस्थांच्या गटांत गेली, तिथून कंपन्यांच्या प्रसिद्धी खात्यांत. कुणी हसणारं चित्र पाठवत होतं, कुणी रडणारं. एका अनोळखी बाईने लिहिलं, "नऊ वर्षं, चार कोटी दहा लाख. मी पण." मग दुसरीने स्वतःचा आकडा टाकला. मग तिसऱ्याने. ज्या शहरात माणूस घरच्या आजारपणाबद्दल बोलेल पण पगाराबद्दल नाही, तिथे आकड्यांचा पाऊस पडायला लागला. ऑफिसात तर सगळे मान खाली घालून टाईप करत होते. तेव्हाच मीरानला कळलं, की सगळ्यांनी वाचलंय.

रडावंसं वाटत होतं. पण गिऱ्हाइकावर संकट आलं की काय करायचं हे तिला झोपेतही ठाऊक होतं: लपायचं नाही, आधी आपण फोन करायचा, आणि खोटं एक अक्षर बोलायचं नाही. आता संकटात सापडलेलं गिऱ्हाईक ती स्वतःच होती, एवढाच काय तो फरक. तिने बाह्या सरसावल्या, खरे मांडू जोडून नवं ईमेल पाठवलं आणि त्यावर लिहिलं, 'आधी गेली ती माझी वैयक्तिक बातमी होती. तिच्यातली माहिती खरी आहे, पण आजचा विषय मांडू आहे. क्षमस्व.' मग तिने मांडू कंपनीच्या संचालिकेला फोन लावला.

"यम इसानिम, माझ्या हातून चूक झाली आहे. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगते."

"कळलंय," यम इसा म्हणाली. तिचा आवाज थंडीपेक्षा थंड होता. "मांडूच्या दिवशी माझ्या मांडूंचं नाव मागे पडलं, टीमजांग."

"नवीन ईमेल गेलंय. दुपारपर्यंत एकेकाला मी स्वतः फोन करते. मांडू मागे पडू देणार नाही."

 मग यम इसा हळूच म्हणाली, "एक विचारू? तो आकडा खरा आहे?"

"हो."

"अगं बाई! तुमच्या बिलात दर महिन्याला तुझ्या नावापुढे काय लिहिलेलं असतं माहितेय तुला? मला वाटायचं, पोरीला आठ कोटी तरी मिळत असतील. आम्ही आपसात म्हणायचो, महाग आहे पण काम चोख करते!"

मीरानने फोन ठेवला. आठ! तिला राग आला, इतका राग, की तो आनंदासारखा पायांतून वर चढत गेला. ह्या शहरात कुणीतरी इतकी वर्षं तिला आठ कोटींची बाई समजत होतं, आणि ते तिला सोडून सगळ्यांना माहीत असावं!

मग ती कामाला भिडली ती अशी भिडली, की विचारू नका. चेष्टा करणाऱ्या प्रत्येकाला ती म्हणायची, "हसा, गीजानिम, पोटभर हसा. पण हसण्याची किंमत म्हणून मांडूची चार ओळींची बातमी लावा." आणि त्यांनी लावली! एरवी अशी ईमेलं न उघडताच कचऱ्यात जातात. आज तिच्या नावाचं ईमेल आलं की माणूस झडप घालून उघडत होता. जेवणाच्या वेळेपर्यंत पातळ पारीचे मांडू सगळ्या मोठ्या संकेतस्थळांवर वाफाळत होते. मीरानने उभ्याउभ्या किंबापचे, भाताच्या सुरळीचे, दोन तुकडे तोंडात कोंबले आणि बोराला फोन केला.

"मी मेले, बोरा! आणि मजा येतेय!"

"मरतेस कसली? आमच्या खात्यात आज कुणी काम करत नाहीये, सगळे एकमेकांचे पगार विचारतायत! माझ्या शेजारचा माझ्याहून एक कोटी जास्त घेतो म्हणे. मुडदा!"

चार वाजता क्वाक काचेच्या खोलीत बसला होता. चेहरा लाल, समोर दोन कागद, त्यातला एक तिचा करार.

"प्यो टीमजांग, पगार कुणाला सांगायचा नाही असं करारात स्पष्ट लिहिलंय. तू तो सगळ्या देशाला सांगितलास."

"हो, देप्योनिम. त्याबद्दल मी माफी मागते. लेखीसुद्धा देईन."

"यम इसाचा मला फोन आला होता. बिलाबद्दल." हे बोलताना त्याने टाय सैल केला. "किती अडचणीत आणलंस कळतंय तुला? तरीही मी मन मोठं करतो. हे तुझे तीन टक्के."

कागद सरकत आला. चार कोटी चौऱ्याण्णव लाख आणि वर काही हजार.  सकाळी गरम पाण्याखाली म्हटलेली वाक्यं एकही आठवेना. पण बोराचं खरं होतं, लिहिलेलं तोंडात बसलं होतं.

"सहा कोटी, देप्योनिम."

क्वाक हसला. वाईट हसला नाही, मुलीला समजावावं तसं हसला, आणि तेच जास्त झोंबलं. "कोण देणार? जा, विचार बाहेर. जो भेटेल तो तुझी करपावती मागेल. चार ऐंशीवर फार तर दहा टक्के टाकतील. ही पावती मी दिलीय तुला, प्यो टीमजांग. तू कुठेही गेलीस तरी तुझा आकडा मीच ठरवलेला असणार."

तो खोटं बोलत नव्हता.  मीरानने कागद पालथा घातला, सही न करता, आणि बाहेर आली. तिला बाहेर येताना सगळ्यांनी पाहिलं. ह्या खोलीतून सही न करता आजवर कुणी बाहेर आलं नव्हतं.

फोनवर यम इसाचा निरोप होता: 'खाली कॉफीच्या दुकानात बसलेय. ये.'

यम इसा कोट न काढताच बसली होती. तिने सरळ मुद्द्याला हात घातला. तिच्या कंपनीच्या प्रसिद्धी खात्याची जागा डिसेंबरपासून रिकामी होती. आज दिवसभर तिने एका बाईला भर चौकात पडून, उठून, कपडे झटकून मांडू विकताना पाहिलं होतं, आणि तिला दुसरी कुणी नको होती.

"मनुष्यबळ खात्याशी बोलले मी," ती म्हणाली. "पाच कोटी तीस लाख. तुझ्या आत्ताच्या पगारावर घसघशीत दहा टक्के. करपावती पाठवून दे, आजच कागद काढते."

पाच कोटी तीस! क्वाकच्या कागदापेक्षा कितीतरी जास्त.  मीरानची कमर सवयीने वाकायला लागली, आभाराचे शब्द जिभेवर आलेही. आणि मग तिला एकदम दिसलं, की क्वाक वर काचेच्या खोलीत बसून म्हणाला ते इथे खाली जसंच्या तसं घडत होतं. आज सकाळी दहाच्या आधी हीच बाई तिला आठ कोटींची समजत होती. मीरान तीच होती. काम तेच होतं. मधे फक्त क्वाकचा आकडा बाहेर पडला होता.

ती ताठ बसली.

"इसानिम, पावती देईन मी. लपवायला आता उरलंय काय? पण आधी तुम्ही आकडा लिहा, मग पावती बघा."

"म्हणजे?"

"आज सकाळी ते ईमेल तुम्ही उघडलं नसतं आणि मी तुमच्यासमोर अशी बसले असते, तर काय लिहिलं असतंत? तेवढंच लिहा."

यम इसा बराच वेळ काही बोलली नाही. मीरानही बोलली नाही. समोरचा गप्प झाला की पटकन काहीतरी गोड बोलून जागा भरायची, हेच तर तिने अकरा वर्षं केलं होतं. आज तिने ओठ घट्ट मिटले.

"मनुष्यबळवाले माझं डोकं खातील," यम इसा शेवटी पुटपुटली. मग तिलाच हसू फुटलं. "खाऊ देत. त्यांना मी सांगेन, बिल आम्ही इतकी वर्षं भरतोच आहोत."

तिने कागदी रुमाल पुढे ओढला आणि लिहिलं: सात कोटी ऐंशी लाख. रुमाल फिरवून मीरानपुढे ठेवला.

मीरानने तो वाचला. डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही. पण कमर वाकली नाही आणि आभाराचा शब्दही तोंडून निघाला नाही.

"चालेल," ती म्हणाली.