वहीतलं ब्लडप्रेशर

सुनेला शिवण शिकवताना मी एक गोष्ट तिच्या डोक्यात घट्ट बसवली होती: माप तीनदा घ्यायचं आणि पटेल ते लिहायचं. तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं होतं.

तिची दोन बाळं पोटातच गेली. पहिल्या वेळी मी तोंड सोडून बोलले, दिवसभर मशीनवर बसतेस म्हणून झालं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. तिच्या अंगातल्या अँटिबॉडीज तिच्यावरच उलटत होत्या. त्याने वारेत गुठळ्या होतात, ब्लडप्रेशर चढतं, बाळाला रक्त पोचत नाही. मशीनचा काडीचा संबंध नव्हता. तरी मी माफी मागितली नाही.

या खेपेला रोज पोटात इंजेक्शन, आणि सकाळ-संध्याकाळ ब्लडप्रेशर मोजून वहीत लिहायचं. वही तर काय गुणाची! एकशे तीसच्या वर आकडाच नाही.

चौतिसाव्या आठवड्यात तिच्यासाठी शिवलेला गाऊन तिला घालून बघितला. चार दिवसांपूर्वी मीच माप घेतलेलं, आणि बाहीचं बटण मनगटाला लागेना. चेहराही सुजलेला.

"डोकं दुखतंय का गं?"

"थोडंसं. कालपासून."

तिला खुर्चीत बसवून मी दंडाला पट्टा बांधला. एकशे चौसष्ट!

"आई, अजून दोनदा घ्या ना. तिसऱ्यांदा उतरतं. मी तेच लिहिते."

मी पट्टा सोडूनच टाकला. "अगं बाई, हे काय गिऱ्हाइकाचं माप आहे?"

ती रडायला लागली. "दवाखान्यात गेले की बाळ जातं. मला नाही जायचं."

"आधीची बाळं तुझ्यामुळे नाही गेली. मी बोलले ते साफ चुकीचं होतं, मला माफ कर. आता ऊठ. नाहीतर उचलून नेईन, आणि माझी कंबर कशी आहे ते तुला ठाऊक आहे."

रडता रडता ती हसली आणि चपला घालायला लागली.

दवाखान्यात बाईंनी वही मागितली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सूनच म्हणाली, "त्यातलं खरं नाही. मी सांगते ते लिहा." आणि तिने आठवडाभराचे आकडे घडाघडा सांगितले.

"बाळ आजच काढावं लागेल," बाई म्हणाल्या. "लहान असेल, पण ठोके चांगले आहेत."

"काढा," सून म्हणाली. तिने कुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

दोन तासांनी नर्स बाहेर आली. मुलगी, अठराशे ग्रॅम, आई ठीक.

"रडली का?" मी विचारलं.

"रडली? अहो, सगळा मजला डोक्यावर घेतलाय!"

"मग आमचीच," म्हटलं आणि भिंत धरून खालीच बसले.