दाराशी ठेवलेला खल

“बाई, याला साबण लावायचा नाही बरं का! नुसत्या पाण्यानं धुवा,” मला घडवणाऱ्या पाथरवटाचे हे शब्द अजून माझ्या कानात आहेत.

मित्रांनो, मी एक जुना, काळ्या दगडाचा खल आहे. औषधं शोधणाऱ्या बाईंच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. औषध कसं सापडतं, ठाऊक आहे? एकेक मुळी घोटायची, तपासायची, गुण नाही आला तर टाकून द्यायची. पण टाकलेलीचीही नोंद वहीत करायची. अकरा वर्षं बाईंनी हेच केलं. मग एका कडू मुळीनं चिवट तापाला पळवून लावलं. त्या दिवशी बाईंनी मला स्वतः धुतलं. मी अगदी फुलून गेलो.

पुढे दळायचं यंत्र आलं. मला उचलून दाराशी ठेवलं, वाऱ्यानं दार लोटलं जाऊ नये म्हणून. वाईट वाटलं; पण दारही कुणीतरी धरायला हवंच की!

यंत्रातल्या औषधाला मात्र गुण येईना. एक दिवस रुग्णालयातल्या परिचारिका आल्या.

“बाई, हे औषध आहे की नुसतं कडू पाणी? शिंपीणबाईंचा ताप चौथ्यांदा उलटलाय. लेकरू अंगावर पितंय त्यांचं.”

बाईंचा चेहरा उतरला. “त्यांना सांगा, गुणाचं औषध हाती आलं की मी स्वतः घेऊन येईन.”

बाईंच्या हाताखाली मुळ्या तोलणाऱ्या, घोटणाऱ्या तराजूवाल्या काकांनी मुळ्यांना दोष दिला. तीन पोती बदलली. फरक शून्य! मग एका दुपारी यंत्रातली भुकटी काढताना काकांनी हात झटकला.

“भाजलं का हो, काका?” बाईंनी विचारलं.

“रोजच भाजतं.”

“मग बोलला नाहीत ते!”

“तुम्ही कधी विचारलंत?”

“आणि खलातली भुकटी?”

“ती गारच असायची. दंड मात्र भरून यायचे!”

बाई दाराशी आल्या आणि त्यांनी मला उचललं. दोन दिवस आम्ही सावकाश घोटत होतो. माझ्यातल्या भुकटीत गुण टिकला; यंत्रात मुळीचा गुण उष्णतेनं मरत होता, हे चाचणीत कळलं.

मित्रांनो, नव्यावर माझा राग नाही. त्या यंत्राभोवती आता गार पाणी खेळतं आणि तेही चोख काम करतं. मागणं एवढंच, की जुनी वस्तू बाजूला सारताना ती काम कसं करत होती, ते टिपून ठेवा. नाहीतर भोगतं ते आजारी माणूस.

चाचणी झाली त्या सकाळी बाईंनी औषधाची कुपी रुमालात गुंडाळली.

“अहो, कुणाबरोबर तरी पाठवू की!” काका म्हणाले.

बाईंनी चपला घातल्या आणि कुपी दोन्ही हातांत धरून त्या रुग्णालयाच्या रस्त्याला लागल्या.