बाईसाहेबांचा घास

सून मांजराला मांस उकडून घालते, हे मावशींचं अख्ख्या बाजाराला सांगून झालं होतं.

"वाघाची मावशी म्हणतात तिला! आता वाघाच्या मावशीला शेगडी लागते. उद्या जेवल्यावर दातकोरणं देईल!"

बाजारात मावशी म्हणत ते खरं त्यांनाच. पस्तीस वर्षं एकाच गाळ्यात त्यांनी कोंबड्या कापल्या. शाळा दुसरीत सुटली, पण कोंबडीचा तुरा त्यांना पाटीवरच्या अक्षरासारखा वाचता येई. आता बोटं वाकडी झाली होती. तरी सकाळी तासभर त्या गाळ्यावर बसत, कलेजी साफ करून देत आणि मूठभर घरी आणत.

सून पोल्ट्रीत अंडी ट्रेमध्ये भरायच्या कामाला होती. दूरच्या पोल्ट्र्यांमध्ये बर्ड फ्लू आल्याचं कळलं, तसे तिने घरात नवे कायदे काढले. बूट दाराबाहेर. अंघोळ केल्याशिवाय मांजराला हात नाही.

"आणि आई, कच्चं अजिबात घालू नका हं तिला. मांजरांनाही होतोय तो रोग. आम्हाला कामावर सांगितलंय."

"पस्तीस वर्षं कोंबड्यांच्या रक्तात हात घातले मी. साधी शिंक आली नाही. तू अजून कच्ची आहेस."

हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून चाललं होतं. बारा वर्षं झाली, पण मावशींच्या लेखी सून काही पिकली नव्हती.

मांजर सुनेचं. डोळेही उघडले नव्हते तेव्हा गटाराच्या कडेला सापडलेलं, औषधाच्या ड्रॉपरने दूध पाजून तिने जगवलेलं. पहिल्यांदा चाललं तेव्हा असं ठुमकत आलं, की मावशीच म्हणाल्या, "आल्या बाईसाहेब!" नाव तेच राहिलं. पण बाईसाहेब झोपायच्या सुनेच्या पायाशी, आणि पाच वाजले की खिडकीत बसून वाट बघायच्या तीही सुनेचीच. नाव ठेवलं आपण आणि माया तिकडे! मावशींना हे सलायचं.

मग सून कामावर गेली की त्या कलेजीचा तुकडा बशीत टाकू लागल्या. कच्चा. बाईसाहेब गुरगुरत खायच्या आणि मावशींच्या मांडीवर चढून अंग चाटत बसायच्या. महिन्याभरात दुपारची मांडी पक्की झाली.

"कुणाचं गोड लागतं, सांग बघू," मावशी तिच्या कानात विचारत.

एका सोमवारी गाळ्यावर एका कोंबडीचा तुरा त्यांना जांभळा दिसला. डोळेही सुजलेले. तोवर सुरी फिरली होती.

"ही विकू नकोस रे. लक्षण बरं नाही."

"फेकतो मग," गाळेवाला म्हणाला.

"सगळी कशाला फेकतोस? कलेजी दे इकडे. माणसाला नको ते मांजराला चालतं."

गुरुवारी बाईसाहेबांनी बशीला तोंड लावलं नाही. शुक्रवारी त्या गोल गोल फिरू लागल्या, भिंतीवर आपटू लागल्या. डोळे सताड उघडे, पण दिसत काही नव्हतं. सुनेने हाक मारली की मान वळायची ती भलतीकडेच. शनिवारी दुपारी तिच्या मांडीवर त्या गेल्या.

जनावरांची डॉक्टर तोंडाला मास्क लावून नमुने घेऊन गेली आणि दोन दिवसांनी निकाल घेऊन परत आली. बर्ड फ्लूच होता.

"कच्चं मांस घातलं होतं का?"

"नाही. एकदाही नाही," सून म्हणाली. म्हणताना तिने मावशींकडे पाहिलं, साक्षीला पाहावं तसं. जिच्या जिभेला अख्खा बाजार दचकून असे, त्या मावशींची जीभ टाळ्याला चिकटली.

"मग बुटांवरून आला असेल. सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाली. घरातल्या सगळ्यांनी दहा दिवस घरीच राहायचं, ताप आला तर लगेच कळवायचं, असं बजावून ती गेली.

"कितीदा सांगितलं, सोड ते काम!" मुलगा बायकोवर ओरडला. "आता तरी सोड."

"सोडते," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वयंपाकघरात आल्या. बाईसाहेबांसाठी मांस उकडायचं छोटं पातेलं घासून, पुसून पालथं घातलेलं होतं. मागच्या पायरीवर सून टबात बूट घासत होती. तिसऱ्यांदा. बोटं पांढरी फटक पडली होती.

मावशी गुडघे धरून तिच्या शेजारी बसल्या.

"ठेव तो ब्रश."

"वास जात नाही, आई."

"बुटांचा दोष नाही. मी घालत होते. रोज, तू गेलीस की. कच्ची कलेजी."

ब्रश थांबला.

"शेवटची तर आजारी कोंबडीची होती. तुरा जांभळा होता, मला दिसला होता. दिसूनही मागून घेतली."

बूट सुनेच्या हातून सुटला. पाण्यात बुडताना त्यातून बुडबुडे येत राहिले.

"डॉक्टर विचारत होती तेव्हा तुम्ही तिथंच होता."

"होते."

"काल दिवसभर मी म्हणत होते, हे पाय तोडून टाकावेत. तेही ऐकत होता."

"ऐकत होते."

सून रडली नाही. रडली असती तर मावशींना काहीतरी बोलता आलं असतं.

"त्या डॉक्टरला फोन लाव," त्या म्हणाल्या. "मला सांगायचंय."

सुनेने नंबर लावून फोन पुढे केला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. मावशींनी सगळं सांगितलं: वार, गाळा, तुरा, आपला हात. गाळेवाला आता जन्मभर तोंड बघणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मग वाकड्या बोटांनी त्यांनी टबातून बूट काढले, निथळवले आणि उन्हात ठेवले. टोकं बाहेरच्या बाजूला.

"हे टाकायचे नाहीत. दहा दिवस झाले की घालायचे आणि कामावर जायचं. नवऱ्याला मी बघते."

सुनेने टबातलं पाणी ओतून दिलं.

"बारा वर्षं तुला कच्ची म्हणत आले," मावशी म्हणाल्या. "कच्ची मी निघाले."