सहावा कप्पा

जुन्या शस्त्रांची पारख करणाऱ्या त्या माणसाला शस्त्रांबद्दल जितका आदर होता, तितकाच ती बाळगणाऱ्यांबद्दल तिटकारा होता. संग्राहक म्हणजे खिसा भरलेला आणि डोळे रिकामे, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणे, आणि तरीही ते त्याच्याकडेच येत, कारण त्याच्या जाड वहीत तीस वर्षांत एकही खाडाखोड नव्हती. पहिल्या दिवशी वस्तू तपासून तो थेट शाईने लिही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा नजर टाकून खाली ‘पडताळले, मजकूर बरोबर’ असं लिहून सही करी. ही दुसरी नजर निव्वळ रीत म्हणून होती. आधी पेन्सिलीने लिहून ठेवणाऱ्या पारख्यांची तो अशी काही टर उडवी, की त्यातले दोघे त्याच्याशी बोलायचे बंद झाले होते.

त्या सकाळी एक वयस्कर बाई लाकडी पेटी घेऊन आली. नवरा वारला होता, त्याचा संग्रह ती एकेक करून विकत होती. पेटीत टोपीवर चालणारं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. काडतुसं निघण्याआधीचं, ज्याच्या चक्रातल्या सहा कप्प्यांत दारू आणि गोळी समोरून ठासायची आणि मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची.

“घासलंबिसलं नाही ना?” त्याने विचारलं. “लोक पातेली घासावीत तशी हत्यारं घासतात, आणि मग माझ्यासमोर रडत बसतात.”

“ह्यांच्यानंतर कोणी हातच लावला नाही,” बाई म्हणाली.

तेवढीच अक्कल, असं मनात म्हणत त्याने भिंग डोळ्याला लावलं. लाकडी मुठीचा डावा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा उडालेला. नळीत आतपर्यंत बारीक लाल खड्डे. टोपीवर आपटणाऱ्या घोड्याची कमान थकलेली. मागे ओढला की घोडा अर्ध्यावरूनच खाली येई. मग त्याने पितळी सळई एकेका कप्प्यात घातली. पाच कप्प्यांत ती तळाला टेकली, सहाव्यात बोटभर आधीच अडली. कुणा शहाण्याने भरून ठेवलेला बार शंभरेक वर्षं आत तसाच बसून होता. त्याने सगळं सुबक अक्षरांत लिहिलं आणि शेवटी जोडलं : ‘सहावा कप्पा भरलेला आहे. हादरा देऊ नये.’ रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीप्रमाणे कमरेला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना जिभेला काहीतरी टोचलं. समोरच्या दाताचा डावा कोपरा उडाला होता.

“झोपेत दगड चावत होतात की काय?” बायको म्हणाली.

त्याने तिला कपाटातल्या भांड्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं. दाढी करताना उजवा हात दोनदा अर्ध्यावरूनच खाली आला, तेव्हा त्याने वस्तऱ्याला नावं ठेवली. निघताना खोकला आला म्हणून बायकोने बळेच तोंड उघडायला लावून बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला. लाल ठिपके आहेत, अगदी आतपर्यंत, डॉक्टरकडे जा, असं ती म्हणत राहिली. डॉक्टर ही जात त्याच्या लेखी संग्राहकांच्याही एक पायरी खाली होती.

कामाच्या खोलीत कुलूप जसंच्या तसं होतं. त्याने वही उघडून शेजारी ठेवली आणि रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. मुठीचा कोपरा अखंड होता. नळी आतून आरशासारखी होती. घोडा मागे ओढला तसा खटकन बसला आणि तिथेच थांबला. बाईने हातचलाखी केली म्हणावं, तर किल्ली त्याच्या कमरेला होती, आणि लोखंडावर ठोकलेला क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी आकड्याला आकडा जुळत होता. त्याने सळई घेतली. सहाव्या कप्प्यात ती सरळ तळापर्यंत गेली.

सळई पुसून त्याने पुन्हा घातली; ती पुन्हा तळाला टेकली. बाई ठरल्या वेळी आली, समोरच्या खुर्चीत टेकली, आणि रिव्हॉल्व्हरकडे ढुंकूनही न बघता तिने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. दाताकडे.

“खोडा,” ती हळू म्हणाली. “चूक झाली म्हणून लिहा आणि चारही ओळी खोडा. अजून सही केली नाहीत ना?”

चूक. तीस वर्षांत हा शब्द त्याच्या टेबलावर कोणी ठेवला नव्हता, आणि आता ठेवला तो एका बाईने, जिला घोडा आणि चाप यांतला फरकसुद्धा सांगता आला नसता. वहीतल्या स्वच्छ पानांवरून त्याने अंगठा फिरवला. एक आडवी रेघ, आणि ते पेन्सिलवाले दोघे उद्या गावभर हसतील.

“माझ्या वहीत खोडत नाहीत,” तो म्हणाला.

“ह्यांच्याही वहीत खोडत नव्हते.”

त्याने लेखणी उचलली. हात अर्ध्यावर घसरला. तो डाव्या हाताने धरून त्याने लिहिलं, ‘पडताळले, मजकूर बरोबर’, आणि नेहमीची झोकदार सही केली. बाईने रिव्हॉल्व्हर आत ठेवून पेटी उचलली, दारापर्यंत गेली, आणि दार आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, आजारी माणसाच्या खोलीचं लावावं तसं हलकेच लावून घेतलं.

शाई वाळेपर्यंत तो वहीकडे बघत राहिला. छातीत डावीकडे, बरगडीच्या आत, बोटभर जागा जड झाली होती. घशात खोकल्याची उबळ आली. त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि ती हळूहळू, फार हळूहळू गिळली.