वाचनालयाचा चष्मा

मित्रांनो, माझा आवाज बारीक वाटला तर रागावू नका. मी वयाने फार जुना चष्मा आहे आणि खरं सांगायचं तर दमलो आहे. माझी एक दांडी तारेने बांधलेली आहे, काचांवर धूळ बसली आहे. पण तुम्ही एवढं वाकून बघताय, तर सांगतो.

मला हैदराबादच्या एका दुकानातून तात्याराव मास्तरांनी आणलं. निजामाच्या राज्यात ते शाळेत उर्दू शिकवायचे आणि घरी आले की मराठी पोथ्या वाचायचे. एक लिपी उजवीकडून यायची, दुसरी डावीकडून. मला दोन्ही सारख्याच. मास्तर गेल्यावर त्यांच्या पत्नी नर्मदाबाईंनी मला सेलू तालुक्यातल्या या आमच्या गावच्या वाचनालयाला देऊन टाकलं. वाचनालय म्हणजे मारुतीच्या देवळाची पडवी, एक टेबल आणि एक काचेचं कपाट. ते सांभाळणारे बन्सीधर भलते काळजीखोर. मला कुणी घरी नेऊ नये म्हणून त्यांनी मला सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलं. ज्याला बारीक दिसत नसेल त्याने यावं, मला नाकावर घ्यावं, वाचावं आणि ठेवून द्यावं. शेळीसारखा बांधलेला असलो तरी मी सगळ्या गावाचा होतो.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या वर्षी तर मला उसंत नव्हती. वर्तमानपत्र एक आणि नाकं पुष्कळ. वस्तीवरचे किशनराव यायचे, उभ्या उभ्या सगळी पानं वाचायचे. ते गेले की कुणीतरी सुतळी सोडून मला गुपचूप हौदावर नेऊन धुवायचं. मला पाण्याचं दुःख नव्हतं, धुण्यामागच्या कारणाचं होतं. अजूनही आहे.

अशीच वर्षं गेली आणि कासाबाई आली. तिचं घर मेंढरंवाल्यांचं, केस पिकलेले. बन्सीधरांनी पडवीत प्रौढांचा वर्ग काढला, तेव्हा मागे खांबाला टेकून ती नुसती बसायची. एक दिवस तिने मला उचलून नाकावर ठेवलं आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रातली बिडीची जाहिरात एक एक अक्षर लावून वाचली. मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसत सुटली. मी कितीतरी नाकांवर बसलो, मित्रांनो, पण इतकं हसणारं नाक दुसरं नाही.

आमच्याकडे श्रावणात महिनाभर देवळात पोथी लागते. भुजंगराव वाचतात, गाव ऐकतं. समाप्तीचा शेवटचा अध्याय मात्र दुसऱ्या कुणीतरी वाचायचा अशी रीत आहे. तो मान आजवर पुरुषांनाच मिळालेला. परवाच्या श्रावणात भुजंगराव आपणहून म्हणाले, "कासाबाई, औंदा समाप्तीचा अध्याय तू वाच."

"मी? लोक काय म्हनतील?"

"ऐकतील. दुसरं काय करतील?"

मग ती रोज दुपारी यायची, ओवीखाली बोट ठेवून वाचायची. अडली की मागे जायची, पुन्हा पुढे यायची. तिच्या घामाने माझी नाकावरची कड ओली व्हायची. मला त्याचा अभिमान वाटायचा.

नेमकं त्याच वेळी वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या मनात आलं की गावाला वाचनाचा इतिहास दाखवावा. माणूस वाईट नव्हे. समाप्तीला सगळं गाव जमतंच, तेव्हा प्रदर्शनही त्याच दिवशी करू, म्हणाले. बोरू आले, दौत आली, मोडीतले कागद, पाटी, कंदील आला. आणि मी! आबासाहेबांनी स्वतः माझी सुतळी कापली, मला कपाटात मखमलीवर ठेवलं, खाली छापील चिठ्ठी लावली. सकाळी उद्घाटन झालं, टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं. वस्तू हरवू नयेत म्हणून आबासाहेबांनी कपाटाला घरचं कुलूप घातलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि दुपारच्या गाडीने सेलूला एका बैठकीला निघून गेले.

संध्याकाळी कासाबाई नवं लुगडं नेसून आली. तिने टेबलावर हात फिरवला, टेबलाखाली पाहिलं. मग तिला मी कपाटात दिसलो.

बन्सीधरांचा चेहरा उतरला. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "दगड आनू का?" त्यांनी विचारलं.

"नको. पोथीच्या दिवशी काच फुटलेली बरी न्हाई."

भुजंगरावांनी आपला चष्मा काढून दिला. तो तिने लावला, पण त्यातून तिला अक्षरं नुसती हलताना दिसली. लोक खोळंबले होते.

"पाठ झालं असंल की आता," भुजंगराव हळूच म्हणाले. "तसंच म्हन. कुनाला कळतंय?"

"पाठ म्हनायला मी आता शिकले व्हय? ते तर जलमभर केलं. आज वाचायचं व्हतं." तिने पोथी त्यांच्याकडे सरकवली. "तुमीच वाचा. माजे डोळे कपाटात हायत."

भुजंगरावांनी वाचलं. ती बायकांत जाऊन बसली. मी काचेआडून सगळं पाहत होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

किल्ली दुसऱ्या दिवशी परत आली, बन्सीधरांच्या ताब्यात राहिली. पण जिल्ह्याचे मोठे साहेब प्रदर्शन बघायला येणार होते, म्हणून कपाट तसंच राहिलं. साहेब आज येतील, उद्या येतील, असं करता करता दिवाळी गेली. कासाबाईने मला मागितलं नाही. तिचा मुलगा म्हणाला म्हणे, मेंढरांमागं चष्मा कशाला.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. वर्तमानपत्र आलं तेव्हा पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. किशनराव आता स्वतःचा चष्मा लावून मोठ्याने वाचत होते, वाचून झालं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत होते. कासाबाईही आली होती. ती माझ्यासमोर थांबली, चिठ्ठीकडे डोळे बारीक करून पाहत राहिली. मग शेजारच्या शाळकरी पोरीला विचारलं, "काय लिवलंय गं ह्येच्याखाली?"

पोरीने खणखणीत वाचलं, "या चष्म्याने गावाला वाचते केले. कृपया हात लावू नये."

"आसं व्हय," कासाबाई म्हणाली आणि ऐकणाऱ्यांत जाऊन बसली.

मित्रांनो, तुम्ही वाचनाचा इतिहास पाहायला आलात, चांगलं केलंत. पण आता पाहून झालं असेल तर एवढं करा. बन्सीधर दारातच बसलेत, किल्ली त्यांच्या खिशात आहे. त्यांना म्हणा, चष्मा बाहेर काढा. माझ्या जागी दुसरं काहीही ठेवा, मला मखमल नको. कासाबाईचं घर देवळामागेच आहे. मला तिच्या नाकावर ठेवा आणि हातात पोथी द्या. तिचा एक अध्याय वाचायचा राहिलाय.